ओढ्यापलीकडचं मीठ

"तुझं मशीन बिघडलंया, पोरी," येसबा आप्पा म्हणाले.

दंडाला पट्टा गुंडाळलेला, पाय जाजमावर पसरलेले आणि चेहऱ्यावर असा थाट, की तपासायला मी नव्हे, तेच माझ्याकडे आले आहेत. मी पट्ट्यातली हवा सोडली, पुन्हा भरली, पुन्हा कानाला नळ्या लावल्या. पारा परत तिथंच. वरचा दाब दोनशे दहा, खालचा एकशे वीस.

"मशीन चांगलं आहे, आप्पा. आत्ताच अक्काताईंचा दाब बघितला ना. एकशे तीस आहे."

"मग बिघडलंच म्हन की. चाळीस वर्सं डोकं फिरवनार ही, आन् दाब चढनार माझा."

"बगा बाई, आसं बोलनं," चुलीपुढून अक्काताई म्हणाल्या. "आन् ताटात वरनं मीठ घ्यायचं त्ये न्हाई सांगायचे."

मी हसले. खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. आप्पांचा धाकटा भाऊ वर्षापूर्वी असाच दाब चढून पडला होता. डावी बाजू गेली, वाचा गेली आणि तिसऱ्या दिवशी माणूसच गेला. त्याचाही वरचा आकडा एवढाच असणार, पण तो मोजायला तेव्हा गावात कोणी नव्हतं. आता मी होते. वय चोवीस, खांद्याला शबनम, पायात नव्या चपला आणि डोक्यात सगळं जग एका तक्त्यात मावतं असा दांडगा समज.

ही एक्याण्णव सालची गोष्ट. शहरातल्या एका संशोधन संस्थेनं मला कोल्हापूरकडच्या या गावात वर्षभरासाठी पाठवलं होतं. गावाच्या दोन वाड्या होत्या आणि मधून ओढा वाहत होता. अलीकडे माळवाडी, पलीकडे ओढावाडी. माणसं तीच, पिकं तीच, जेवण तेच, नातीगोतीही तीच. माळवाडीत मी घरोघर जाऊन मीठ कमी करायला सांगायचं. ओढावाडीत नुसता दाब मोजायचा, चकार शब्द बोलायचा नाही. ज्याचा दाब फारच वर असेल त्याला दोन्हीकडून सरकारी दवाखान्यात गोळ्यांसाठी धाडायचं. वर्ष संपलं की दोन्ही वाड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक बघायचा. आमचे मुख्य डॉक्टर शिरगुप्पे सर. निघताना त्यांनी मला बजावलं होतं, "ओढावाडीत तुमच्या तोंडून मीठ हा शब्द निघता कामा नये."

हे सगळं मी आप्पांना मोठ्या कौतुकानं समजावून सांगितलं. त्यांनी पानाला चुना लावत ऐकून घेतलं.

"म्हंजे पलीकडच्यांना सांगायचंच न्हाई?"

"वर्षभर नाही. मग त्यांनाही सांगणार."

"आन् वर्सात कोन पडलं तर?"

"आप्पा, शास्त्राची ती पद्धतच आहे. त्याशिवाय खरं-खोटं कळत नाही."

"आसंल बाई. शिकलेली मानसं तुमी," आप्पा म्हणाले आणि पान तोंडात टाकलं. त्यांना पटलं असं मला वाटलं. त्या वयात मला पुष्कळ गोष्टी वाटायच्या.

आप्पांना गोळ्या सुरू झाल्या. राहिलं मीठ. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं, कारण येसबा आप्पा म्हणजे गावाची जीभ होते.

ही काय भानगड ते सांगते. दोन्ही वाड्यांत लग्न असो, बारसं असो, जावळ असो, आमटीच्या मोठ्या पातेल्यात मीठ पडायच्या आधी आचारी आप्पांना निरोप धाडायचा. आप्पा फेटा बांधून यायचे, पातेल्यापासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसायचे. आचारी पांडबा त्यांच्या तळहातावर पळीनं चार थेंब सोडायचा. आप्पा चाटायचे, डोळे मिटायचे. सगळा मांडव थांबायचा. मग ते म्हणायचे "मूठभर टाक", नाहीतर "बास". तेवढं झाल्याशिवाय पंगत बसायची नाही. नवी सून पहिल्यांदा आमटी करायची, तेव्हाही चाखायला आप्पाच. त्यांनी "बास" म्हटलं की पोरगी जिंकली. आणि एखादीला "खारट हाताची" म्हणाले, की ती बिचारी दोन पोरांची आई झाली तरी ते नाव पुसायचं नाही. गेली तीस वर्षं हा मान त्यांचा होता, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा.

"अळणी खा म्हंतीस," आप्पा मला म्हणाले. "अळणी खानाऱ्याला कोन इचारंल? उद्या पांडबा म्हनंल, आप्पाची जीभ दवाखान्यात गेली."

"जीभ महत्त्वाची का जीव?"

"जीव काय, समद्यांलाच आसतोय."

मी चार दिवस डोकेफोड केली. शेवटी तोडगा अक्काताईंनी काढला. घरी आप्पांनी अळणी खायचं, मांडवात मात्र चार थेंब चाखायची मुभा. आणि ही गोष्ट तिघांच्या बाहेर जाता कामा नये. अक्काताईंनी माझा हात धरून देव्हाऱ्यापुढं नेलं आणि मला शपथ घ्यायला लावली. "कुनाला बोलशीला तर बगा. ह्येंचा मान गेला तर ह्ये परत मिठाला हात घालतील, आन् मग मी कपाळ घेऊन कुटं जाऊ?" हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी शपथ घेतली. माझ्या पोटात तसं काही राहत नाही, पण ती मी पाळली.

आप्पांनीही शब्द पाळला. पहिले पंधरा दिवस जेवताना त्यांचं तोंड बघवत नव्हतं. महिन्याभरात कुरकुर थांबली. दोन महिन्यांनी पारा एकशे सत्तरवर आला. मी तर हवेतच होते.

आणि मग ओढावाडीत लग्न निघालं.

मलाही आमंत्रण होतं. आप्पा फेटा बांधून खुर्चीत बसले. पांडबानं तळहातावर चार थेंब सोडले. आप्पांनी चाटलं, डोळे मिटले आणि मान हलवली.

"खारट हाय."

पांडबाच्या हातातली पळी तशीच राहिली. "आप्पा, रोजच्यापरीस कमीच टाकलंय म्या."

"मग रोज खारट करत असशील. पानी वाढव, बटाटं टाक."

तीनशे माणसांच्या आमटीत दोन घागरी पाणी आणि पाटीभर बटाटे पडले. पंगत बसली. मी पहिला घास घेतला. आमटी सपक होती. दोन महिने अळणी खाऊन आप्पांची जीभ बदलली होती. जे सगळ्यांना बेताचं, ते आता त्यांना खारट लागत होतं. हे मांडवात फक्त मला आणि अक्काताईंना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या मान खाली घालून भात कालवत होत्या.

आणि पंगत? पंगत मुकाट जेवत होती. कोणी मीठ मागितलं नाही. एकमेकांकडे बघायचे, पुन्हा भाताला लागायचे. आप्पा चुकणार नाहीत, तेव्हा आपलीच जीभ बिघडली असणार, असं प्रत्येकाला वाटत असावं असा मी अंदाज केला. मला हसू येत होतं, आणि घामही फुटला होता.

कारण हसण्यापुरती गोष्ट नव्हतीच. त्या उन्हाळ्यात सात लग्नं झाली, चार ओढावाडीत. सातही मांडवांत आप्पा "खारट" म्हणाले. एवढ्यावर राहिलं असतं तरी ठीक. पण ते आता ओढा ओलांडून घरोघर फिरायला लागले. पुतण्याकडे जा, सोयऱ्याकडे जा, वाटीभर कालवण माग, चाख आणि म्हण, "सूनबाई, हात खारट झालाय." येसबा आप्पांनी असं म्हणणं म्हणजे अब्रूचाच सवाल. बायकांनी मिठाचे हात आखडले. मी ओढावाडीत मीठ हा शब्दही न उच्चारता महिन्याच्या महिन्याला दाब मोजत होते, आणि तो खाली चालला होता. ज्या वाडीनं आहे तसंच राहायचं, ती माळवाडीच्या मागोमाग निघाली होती. माझा अभ्यास डोळ्यांदेखत ओढ्यात वाहून चालला होता.

उपाय एकच होता. पांडबाला बाजूला घेऊन सांगायचं, की आप्पा घरी अळणी खातात, त्यांचं ऐकू नका. दोन वाक्यांचं काम. ओढावाडी पुन्हा पहिल्यासारखी खायला लागली असती, माझा तक्ता वाचला असता. आणि आप्पांचा मान गेला असता, मागोमाग मीठ परत ताटात आलं असतं, आणि एक दिवस अक्काताईंच्या दारात माणसं जमली असती. दोनदा मी पांडबाच्या घरापर्यंत गेले. एकदा त्याच्या बायकोनं चहा पाजला, एकदा शेंगा दिल्या. मी ते खाऊनपिऊन परत आले. हे शौर्य होतं असं मी म्हणणार नाही. मला शपथेची भीती होती, आणि आप्पांवर माया जडली होती.

वर्ष भरलं. शिरगुप्पे सर आकडे बघून थेट गावातच येऊन दाखल झाले. सर माणूस चांगला, पण फरक नसलेला तक्ता बघितला की त्यांना जेवण जात नसे.

"शैलजा, माळवाडीत दाब उतरला, उत्तम. ओढावाडीत का उतरला?"

"समजत नाही, सर."

"तुम्ही तिथं काही बोललात?"

"एक शब्द नाही." हे अगदी खरं होतं, म्हणून मी ते फार जोरात म्हणाले.

सर आले म्हणून गावानं जेवण घातलं. देवळापुढच्या पटांगणात दोन्ही वाड्या एकत्र. आप्पा फेटा बांधून आले, चाखलं, डोळे मिटून "बास" म्हणाले. पंगत बसली. सर मानाच्या पाटावर, शेजारी आप्पा, समोर मी. सरांनी भात कालवला, घास घेतला, चावायचे थांबले.

"अहो, यात मीठच नाहीये," सर म्हणाले.

सरांचा आवाज वर्गात शिकवायचा आवाज. पार शेवटच्या पानापर्यंत पोचला. वाढपी थांबले. आप्पांचा हात पानावर तसाच राहिला. त्यांची नजर माझ्याकडे आली आणि मला त्या घडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता कोणीतरी हसणार, कोणीतरी "सायेब खरं बोलतात" म्हणणार, आणि तीस वर्षांचा मान मिठाविना संपणार.

पांडबा पळी घेऊन पुढं आला. "सायेब, मीठ हाय की. रोजच्यावानीच हाय."

"नाही हो. चाखून बघा."

पांडबानं तळहातावर घेतलं, चाटलं. "बरूबर हाय."

सरांनी शेजारच्या पानावरच्या म्हाताऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला लागतंय मीठ?"

"बरूबर हाय की, सायेब," म्हातारा म्हणाला.

त्याच्या पलीकडचा म्हणाला, बरोबर आहे. समोरच्या ओळीतून एक बाई म्हणाली, उलट जरा जास्तीच वाटतंय. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माळवाडीचा असो का ओढावाडीचा, जो तो म्हणाला बरोबर आहे. एकानं तर सरांना आपुलकीनं विचारलं, "परवासात जीभ आली का काय, सायेब?"

सर गोंधळले. हुशार माणूस दोनशे साक्षीदारांपुढं गोंधळतोच. ते माझ्याकडे वळले. "शैलजा, तुम्ही सांगा. तुम्ही शहरातल्या. मीठ आहे का यात?"

मी घास घेतला. आमटी पाण्यासारखी लागली. आप्पा माझ्याकडे बघत नव्हते, आपल्या पानाकडे बघत होते.

"बरोबर आहे, सर," मी म्हणाले.

सरांनी पुढचं जेवण मुकाट्यानं संपवलं. उठताना त्यांनी जीभ बाहेर काढून माझ्याच पाण्याच्या पेल्यात तिचं प्रतिबिंब बघायचा प्रयत्न केला, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

हात धुवायला बायकांची गर्दी होती. आप्पांच्या दिवंगत भावाची सून मालन ओढावाडीची. ती माझ्या हातावर तांब्यानं पाणी ओतत होती. मी हळूच म्हटलं, "मालन, तुला खरंच बरोबर लागली आमटी?"

ती पदराआड हसली. "बाई, तुमाला काय वाटलं, आमास्नी ठावं न्हाई? पयल्या लग्नाच्या आदल्या दिशीच आक्काताईनं वड्यावर धुनं धुताना समद्या बायांना सांगितलं. म्हनली, उद्या ह्ये खारट म्हनतील, कुनी तोंड वाकडं केलं तर माझं कुक्कू गेलं म्हनून समजा. बायांनी घरी जाऊन बाप्यांना दम भरला. पयल्या दोन लग्नांत म्या कनवटीला मीठ बांधून गेल्ते. मग सवं झाली."

म्हणजे देव्हाऱ्यापुढं शपथ एकट्या मला. आणि मी वर्षभर छातीशी धरून ठेवलेलं गुपित दोन्ही वाड्यांतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला राग यायला हवा होता. पण मी तिथं मोरीपाशी उभी राहून रडले. एका म्हाताऱ्याचा फेटा सरळ राहावा म्हणून एवढी माणसं वर्षभर सपक जेवली होती, आणि त्यातल्या एकानंही त्याला कळू दिलं नव्हतं.

"आप्पांना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"त्येंला कळलं तर जीव देतील. न्हाई सांगायचं हां, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. सर रात्रीच परतले होते. आप्पा माझी पिशवी घेऊन फाट्यापर्यंत आले. आदल्या आठवड्यात त्यांचा दाब एकशे चाळीस होता. एसटीला अवकाश होता. आप्पा मैलाच्या दगडावर बसले.

"पोरी, तुझा सायेब खरं बोलला. अळनी होती आमटी."

मी एसटी येते का ते बघायला लागले.

"माझ्यापायी तू खोटं बोललीस. तुझ्या नोकरीला काय व्हनार तर न्हाई?"

"नाही, आप्पा. पण तुम्हाला कसं कळलं अळणी आहे ते? जीभ बदलली ना तुमची?"

"जीभ बदलली. डोळं कुटं बदलल्यात?" आप्पा बारीक हसले. "माझ्या बाचं गुपित हाय, कुनाला सांगू नगंस. चाटायचं आपलं निस्तं दावायला. आचारी किती मुठी टाकतोय ते मोजत बसायचं आस्तंय. पांडबानं सा मुठी टाकायच्या, तितं मी तीनावर आनला त्याला."

"म्हणजे मुद्दाम? सगळ्या लग्नांत? घरोघर जाऊन सुनांना खारट हाताच्या म्हणालात ते?"

"मग काय करू?" आप्पांचा आवाज एकदम चढला. वर्षभरात त्यांना रागावलेलं मी तेव्हाच बघितलं. "इकडच्यांनी जगायचं, आन् तिकडच्यांचं निस्तं मोजत बसायचं. माझ्या भावाची पोरं हायेत तिकडं. त्येनला उगंच मीठ सोडा म्हनलो आस्तो तर आयकलं आस्तं कुनी? मी सोता आयकलं न्हाई तुझं. खारट म्हनलं की आयकत्यात." मग आवाज उतरवून म्हणाले, "भोळी मानसं हायेत, पोरी. वर्सभर अळनी गिळलं, पर येका बी गड्याला पत्ता लागला न्हाई. तेवडं त्येंला सांगू नगंस कदी."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

एसटी आली. आप्पांनी पिशवी खिडकीतून आत दिली. त्यांच्या तोंडावर सगळ्या गावाला गुंडाळल्याचा आनंद होता, आणि पाठीमागे रस्त्यावरून पांडबा सायकलवर चालला होता. त्यानं आप्पांना मोठ्या अदबीनं रामराम घातला.

अहवाल मीच लिहिला. सरांनी आखून दिलेल्या तक्त्यात शेवटी एक रकाना होता : ओढावाडीतील रक्तदाब उतरण्याचे कारण. त्यापुढं मी दोन दिवस पेन धरून बसले होते. मग लिहिलं, "आढळले नाही." पुढं बत्तीस वर्षं मी याच कामात काढली, पुष्कळ अहवाल लिहिले. समजून-उमजून खोटं लिहिलं ते तेवढंच.